सुदाम राठोडचे सहा सराव

लोखंडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो. उन्हाळी शिबिर आठ दिवसांवर आलं होतं आणि सुदाम राठोडला यंदा कशाचा सराव द्यावा, नियंत्रणाचा की दमाचा, यावर माझं डोकं चाललं होतं. फोन सुनंदाने घेतला. सुनंदा माझी बायको, आणि सरांची एकुलती एक धाकटी बहीण. ती फोन कानाला लावून तशीच खाली बसली, आणि मला कळलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता शिबिर कोण घेणार? दुसरा विचार आला, बरं झालं. बायकोला पाणी द्यावं हा तिसरा. हा क्रम मी मुद्दाम आहे तसा लिहितोय, कारण गेल्या दीड महिन्यात सरांबद्दल जे जे छापून आलं आणि बोललं गेलं, त्यात खरं बोललेला माणूस मला भेटलेला नाही. कुणी शिस्तप्रिय म्हणालं, कुणी ऋषितुल्य. शोकसभेत एकाने तर ‘प्रेमळ’ म्हटलं, तेव्हा मी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

मी अडतीस वर्षांपासून त्याचा जावई. म्हणजे बहिणीचा नवरा, पण आमच्याकडे तोही त्या घरचा जावईच. तोंडावर मी त्याला ‘सर, तुम्ही’ म्हणायचो आणि पाठीमागे ‘तो’. मेल्यावर माणूस पाठीमागेच गेलेला असतो, तेव्हा या लेखात ‘तो’च राहील. तो पुसदच्या एका शाळेत खेळाचा मास्तर होता. शाळेत कधीतरी क्रीडा साहित्याच्या पेटीतून बेसबॉलच्या चार बॅटी आणि हातमोजे आले आणि त्याच्या डोक्यात ते वेड शिरलं ते शिरलंच. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला याने मला उठवलं. म्हणाला, “चला भाऊजी, पाहू तुमचा दम.” मला वाटलं, फिरायला नेतोय. त्याने मला शाळेच्या मैदानावर नेलं आणि तीस-चाळीस पोट्ट्यांसमोर लग्नातल्या पँटवर पळायला लावलं. तिसऱ्या फेरीला मी कुंपणाशी जाऊन ओकलो. त्याने गळ्यातलं घड्याळ पाहिलं, खिशातल्या कागदावर माझी वेळ लिहिली आणि कागद माझ्या हातात दिला. “कमी पडता भाऊजी,” एवढंच बोलला. घरी आल्यावर सासूबाईंनी औक्षण केलं, पाटाभोवती रांगोळी होती, पुरण होतं... माझ्या घशाखाली घास उतरेना. तेव्हापासून अडतीस वर्षं मी या माणसाला कमी पडत आलो. माझी नोकरी कमी पडली, मी बांधलेलं घर अर्ध्या फुटाने कमी पडलं, आणि माझ्या मुलीचे गुणही त्याच्या मते कमीच होते.

निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे मैदान राहिलं नाही. तेव्हा त्याने ती लीग काढली. बेसबॉल म्हणजे एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने गोल बॅटने तो मारायचा आणि चार कोपऱ्यांची फेरी करून घरी परत यायचं. फेकणारा तो पिचर. आमच्या लीगमध्ये यातलं प्रत्यक्षात काहीच होत नसे. आठ तालुक्यांच्या नावाचे आठ संघ, प्रत्येकाचा एक मालक, आणि खेळाडू सगळे वहीतले. त्याने त्या प्रत्येकाला नाव, गाव आणि वय दिलेलं होतं. प्रत्येकाच्या गुणांना वीसपैकी आकडे होते: चेंडूचा वेग, नियंत्रण, फटका, धाव, झेल, दम. पोळ्यानंतर हंगाम सुरू व्हायचा आणि होळीला संपायचा. दर रविवारी तो फासे टाकून सामने खेळवायचा, फाशांचा आकडा आणि खेळाडूचे गुण मिळवून निकाल निघायचा. पुसदचा संघ त्याचा स्वतःचा, महागावचा माझा. शेतीच्या कामातून वेळ काढून येणारे होते, कचेरीतले निवृत्त होते, एक डॉक्टर होते. मारेगाव शोभाताईंचं, कारण त्यांचं माहेर तिथलं. त्या वणीजवळच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि आमच्यात बेसबॉल खरोखर कळणाऱ्या त्या एकट्याच.

पण आमचा जीव अडकलेला असायचा तो उन्हाळ्यात. होळी ते पोळा सामने नाहीत, आणि त्या मोकळ्या काळात खेळाडू घडवायचे. मे महिन्यातल्या एका रविवारी शिबिर असायचं. प्रत्येक संघाला सहा सराव. कुणाला कोणत्या गुणाचा सराव द्यायचा हे मालकाने चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि एकेका सरावाला दोन फासे पडायचे. दोन्ही मिळून आठ किंवा जास्त आले तर गुण एकाने वाढला. चार किंवा कमी आले तर एकाने घटला, कारण पोरगं सरावात दुखावलं. मधलं काही आलं तर उन्हाळा वाया. आता यात गंमत अशी, की फासे पडताना मालकांनी बघायचं नाही हा त्याचा नियम. मालक समोर असले की बाजार समिती होते म्हणायचा. चिठ्ठ्या घेऊन तो आतल्या खोलीत जायचा, दार लावायचा, आणि आम्ही सात जण बाहेर कूलरसमोर बसून स्टीलच्या परातीत फासे पडल्याचा आवाज ऐकायचो. अठ्ठेचाळीस वेळा. दोन-अडीच तासांनी तो बाहेर यायचा आणि हजेरी घेतल्यासारखे आकडे वाचायचा. कुणी कधी संशय घेतला नाही. त्या माणसाचा राग सगळ्यांना यायचा, संशय कुणालाच नाही. एका वर्षी शोभाताईंची बस आर्णीच्या पुढे बंद पडली आणि त्या दहा मिनिटं उशिरा पोचल्या, तर त्याने त्यांची चिठ्ठी घेतली नाही. एवढ्या मोठ्या मुख्याध्यापिका, डोळ्यांत पाणी आलं. “सर, सहा तास झाले निंगून, पाणी नाई पेलं रस्त्यात,” त्या म्हणाल्या. तो म्हणाला, “पाणी प्या. चिट्ठी नाई घेत.” मारेगावच्या एकाही पोराला त्या उन्हाळ्यात सराव मिळाला नाही.

सुदाम राठोड, राहणार फुलसावंगी, डावखुरा पिचर. एकोणिसाव्या वर्षी तो माझ्याकडे आला. वेग चांगला, नियंत्रण शून्यात जमा. कुणाला नको होता म्हणून मी घेतला. मी त्याला दरवर्षी एक-दोन सराव देत गेलो आणि तो हळूहळू अकरापर्यंत आला. लोक हसतील, पण नोकरीत असताना कचेरीतून घरी येताना मी एसटीत त्याचाच विचार करायचो. मी स्वतः कधी काही घडवलं नव्हतं. फायली पुढे सरकवल्या. हा पोरगा तेवढा मी घडवत होतो.

तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो आणि पाठोपाठ छातीचं ऑपरेशन झालं. नागपूरहून परत आलो तो वेगळाच माणूस होऊन. जेवायचो नाही, चालायचो नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या उशीखाली ठेवायचो. दिवसभर खिडकीपाशी बसून रस्त्यावरचे ट्रॅक्टर मोजायचो. त्या मेमध्ये शिबिराची चिठ्ठी मी भरली ती जवळजवळ रागाने. सहाच्या सहा सराव सुदामला, सगळे नियंत्रणाचे. असं कुणी करत नाही. एकाच पोराच्या मागे सगळा उन्हाळा लावणं हा आमच्या लीगमध्ये शुद्ध वेडेपणा. चिठ्ठी पाहून तो म्हणालाच, “भाऊजी, एकाच पोट्ट्याले कायले मारून राह्यले? दोघा-तिघात वाटा.” मी म्हटलं, “लिहिलंय तसं टाका.” त्याने दार लावलं. अडीच तासांनी बाहेर आला आणि माझे आकडे वाचले. नऊ, आठ, अकरा, नऊ, पाच, दहा. सहापैकी पाच वेळा वाढ! डॉक्टर उभे राहिले. शोभाताईंनी टाळ्या वाजवल्या. सुदामचं नियंत्रण सोळा झालं, लीगमध्ये सगळ्यात जास्त. त्या दिवशी घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या आणि संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो.

त्या हंगामात महागाव जिंकलं. शेवटचा सामना पुसदशी, म्हणजे त्याच्याशीच. चौदा हंगामांत त्याला स्वतःच्या लीगचं अजिंक्यपद एकदाही मिळालेलं नव्हतं. दोनदा शेवटच्या सामन्यापर्यंत येऊन हरला होता आणि हा तिसरा. सुदामने त्याच्या पोरांना हलू दिलं नाही. निकाल त्यानेच वाचला, त्याच हजेरीच्या आवाजात.

आणि मग मी काय केलं ते लिहायला हवं. मी त्याला दोन वर्षं सोलून काढलं. भाऊबीजेला तो आमच्याकडे आला, सुनंदा त्याला ओवाळत होती, आणि मी मागून विचारलं, “काय सर, शिकवलं की नाई कोणी तुम्हाले बेसबॉल?” पुढच्या दोन हंगामांत मी तिसरा आणि चौथा आलो, पण त्याने माझं तोंड बंद झालं नाही. भाचीच्या साखरपुड्यात चारचौघांत म्हणालो, “सर जिंदगीभर पोरं घडवत राह्यले, जितलं कोन? कारकून!” लोक हसले. तोही हसेल असं मला वाटलं होतं... तो चहाच्या कपात बघत म्हणाला, “चांगला पिचर हाये तुमचा.” मला त्याचा पडलेला चेहरा हवा होता आणि मला तो मिळाला, असंच मी समजलो. शेवटची भेट एप्रिलमध्ये. तो पलंगावर होता, पाय सुजलेले. म्हणाला, “सुदाम आता तिसाचा झाला भाऊजी. यंदा त्याच्यामागं सराव नका घालवू.” मी म्हटलं, “तुम्ही अजूनही जळता.” हे माझं त्याच्याशी शेवटचं वाक्य.

तेरवी झाल्यावर आम्ही सात जण भेटलो आणि पुढची जबाबदारी माझ्यावर टाकली, का तर माझं अक्षर बरं आणि मी रिकामा. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, एक पत्र्याची पेटी दिली. म्हणाल्या, “यायनं तं सांगतलं होतं, रद्दीत देऊन टाका म्हनून. माह्यानं नाई झालं.” पेटीत सगळ्या शिबिरांच्या आणि सामन्यांच्या वह्या होत्या. मी एकेका दुपारी एकेक वही वाचत गेलो. प्रत्येक सरावापुढे निळ्या शाईत फाशांचा आकडा. पानामागून पान स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही. तीन वर्षांपूर्वीच्या वहीत महागावच्या पानावर मात्र दोन ओळी होत्या. शाईत नऊ, आठ, अकरा, नऊ, पाच, दहा. आणि त्याच्या खाली, अगदी बारीक, शिसपेन्सिलीने: पाच, तीन, सात, नऊ, चार, सहा.

मला समजायला वेळ लागला नाही, आयुष्य नोंदी तपासण्यात गेलंय. पेन्सिलीतले आकडे परातीत पडलेले होते आणि शाईतले त्याने बाहेर येऊन वाचले होते. खरं पाहिलं तर सुदामला एकदा वाढ, दोनदा घट. त्याचं नियंत्रण सोळा नव्हतंच कधी, दहा होतं. आणि हा मास्तर असा, की खोटं बोलला तेही खऱ्याची नोंद ठेवून. मी सगळ्या वह्या पुन्हा पाहिल्या. दुसरीकडे कुठेही पेन्सिल नाही. फक्त मी. सगळ्या लीगमध्ये, सगळ्या वर्षांत, दया करावी असा त्याला मी एकटा सापडलो.

वही घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. सुनंदा तुरीची डाळ निवडत होती. मी पान तिच्यासमोर धरलं आणि काय ते सांगितलं. ती डाळीतून मान वर न करता म्हणाली, “म्याच सांगतलं होतं दादाले.”

“काय सांगितलं होतंस?”

“का एक डाव यायले जितू दे म्हनून. तुमी जेवून नोहते राह्यले. गोया उशीखाली ठेवत होते, मले दिसत नोहतं काय? म्या फोन केला त्याले. इतका चिडला मायावर, का म्हने मी पंचवीस वर्सं पोट्ट्यायले काय शिकोलं अन् तू मले काय सांगतं... फोन ठिवून देल्ला. चार दिवस बोलला नाई. मंग शिबिर झालं.”

“आणि तू मला दोन वर्षं त्याला बोलू दिलंस?”

आता तिने मान वर केली. “भाऊबीजेले तुमी बोलले, तवा म्या सांगनार होती. त्यानं डोयानं नाई म्हटलं मले. अन् तुमी त्या दिवशी तीन पुरनपोया खाल्ल्या.”

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त राग आला. अडतीस वर्षांत या माणसावर मिळवलेला माझा एकमेव विजय, तोही त्यानेच वाढलेला होता. पाटावर बसवून, जावयाच्या ताटात वाढावा तसा. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तो समोर असता तर मी वही त्याच्या अंगावर फेकली असती.

मग मी माझ्या पद्धतीने भांडलो. त्या हंगामातल्या प्रत्येक सामन्याचे फासे वहीत लिहिलेले होतेच. अकरा दुपारी बसून मी सुदामचं नियंत्रण दहा धरून तो सगळा हंगाम पुन्हा मांडला. माझे सात विजय गेले. महागाव पाचव्या क्रमांकावर घसरलं. शेवटच्या सामन्यात माझ्या जागी डॉक्टरांचा दिग्रसचा संघ येत होता, तो सामना मात्र नव्याने खेळवणं भाग होतं. तो मी शोभाताईंच्या घरी, त्यांच्याच हाताने फासे टाकायला लावून खेळवला, त्यांना कशासाठी ते न सांगता. पुसद दोन धावांनी जिंकलं. मी आकडे तीनदा तपासले.

“हे सांगू नका कोनाले,” सुनंदा म्हणाली. “लोक त्याले लबाड म्हनतीन. त्याच्यापाशी दुसरं काय होतं? तेवढंच तं नाव होतं.” ती रडली. लग्नानंतर तिने माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही आणि हे मागितलं तेही मी दिलं नाही.

मृग लागायच्या आत, गेल्या रविवारी, राहिलेलं शिबिर झालं. त्याच्याच घरी, तीच परात. मी सगळ्यांसमोर दोन्ही ओळी वाचल्या, शाईतली आणि पेन्सिलीतली, आणि सुनंदाने फोन केला होता हेही सांगितलं. शोभाताईंचा आवाज चढला. “माह्या दहा मिनिटाले पाझर नाई फुटला त्यायले. अन् जवायाले फुटला!” डॉक्टर म्हणाले, “पण ताई, जितनार तं तेच होते. स्वतःच्या घरात स्वतःच चोरी केली त्यायनं.” शोभाताई म्हणाल्या, “मंग माही त्या वर्षीची चिट्ठी आता टाका. मले पाठ हाये, कोनाले काय देल्लं होतं ते.” मी म्हटलं, “उशीर झाला ताई. नाई घेत.” “तुमी बी त्यायच्यातलेच निंगाले,” म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.

मग मी चौदाव्या हंगामाच्या पानावरचं महागाव खोडलं आणि पुसद लिहिलं, मालक म्हणून त्याचं पूर्ण नाव लिहिलं, सहाही जणांच्या सह्या घेतल्या. सुदामचे सहा गुण कापले. मधल्या एका उन्हाळ्यात एक घटलेला होताच, म्हणून तो नऊवर आला. यंदाचे माझे सहाही सराव त्यालाच होते. मी आत गेलो, दार लावलं, आणि परातीत फासे टाकले. दोनदा वाढ, एकदा घट. बाहेर येऊन तेच वाचले. सुदाम दहावर आला. तिसाव्या वर्षी, बिचारा.

बसमध्ये सुनंदा खिडकीकडे तोंड करून बसली होती. महागावला उतरताना म्हणाली, “दादाले आवडलं असतं काय हे, असं जितनं?”

“नाही,” मी म्हटलं. “म्हणून तर केलं.”